फाइल अण्णांच्या टेबलावर होती

२००७ च्या ऑक्टोबरात माझ्या टेबलावर एक पत्र आलं. नगररचना विभागातल्या अधिकाऱ्यांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण. पहिला दिवस नियोजनाचे कायदे, दुसरा दिवस कार्यालयीन संबंध. राहण्याजेवण्याची सोय त्यांचीच. मी पत्राच्या कडेला शेरा लिहिला, ‘कामाचा व्याप पाहता कोणासही पाठविणे शक्य नाही. नस्तीबद्ध करावे.’ सही केली, तारीख घातली. सही करताना बरं वाटलं होतं, हे आज कबूल करते. लोक प्रशिक्षणाच्या नावाखाली दोन दिवस हवापालट करून येतात आणि आपण मात्र टेबल सोडत नाही, असला काहीतरी तो अभिमान होता.

मी एका महापालिकेत नगररचनाकार होते. १९९१ ला रचना सहायक म्हणून लागले, २०१९ ला निवृत्त झाले. पालिकेचं नाव लिहीत नाही, कारण गाऱ्हाणं पालिकेचं नाही, माझंच आहे.

त्या काळात माझी दोन मतं अगदी पक्की होती. पहिलं, कायदा हे वकिलांचं काम. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ची प्रत माझ्या कपाटात होती आणि रोज लागणारी कलमं तोंडपाठ होती. ४४ खाली अर्ज, ४५ खाली परवानगी, ५३ खाली अनधिकृत बांधकामाची नोटीस, ३७ खाली आराखड्यातला किरकोळ फेरबदल. पण कलम म्हणजे माझ्या लेखी रबरी शिक्क्यावरचा आकडा. त्या आकड्याचा अर्थ न्यायालयांनी मधल्या काळात काय लावून ठेवलाय, हे बघायची कधी गरजच वाटली नाही. अडलं की ‘विधी विभागाचे अभिप्राय घ्यावेत’ असं लिहायचं आणि फाइल पुढे सरकवायची. ती यायची तेव्हा यायची.

दुसरं मत संबंधांबद्दल. नगररचना विभागात ‘संबंध’ हा शब्द चांगल्या अर्थाने कुणी उच्चारत नाही. ‘त्यांचे साहेबांशी संबंध आहेत’ म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. मी नोकरीला लागले तेव्हाच ठरवलं होतं, आपल्याबद्दल हे वाक्य कुणाच्या तोंडी येऊ द्यायचं नाही. आर्किटेक्टांचे दिवाळीचे डबे परत गेले. बिल्डरचा चहा कधी घेतला नाही. नगरसेवक केबिनमध्ये आले की मी शिपायाला दार उघडं ठेवायला सांगायची. यातलं काहीही मी आज बदलणार नाही. फक्त झालं असं, की हाच नियम हळूहळू मी सगळ्यांनाच लावला. शेजारच्या भूसंपादन कक्षातल्या माणसांशीसुद्धा बोलायचं ते कागदावर. विधी अधिकाऱ्यांशी तर माझं बोलणंच बंद होतं, १९९८ पासून. कारण सांगायची लाज वाटते. एका बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या टिपणीतली शुद्धलेखनाची चूक काढली होती.

तर मैदानाची गोष्ट.

१९९४ ला मंजूर झालेल्या आमच्या विकास आराखड्यात शहराच्या उत्तरेला खेळाच्या मैदानाचं एक आरक्षण होतं, साठ गुंठ्यांचं. जागा एका शेतकरी कुटुंबाची. पीक कधीचंच बंद झालेलं, त्यामुळे आजूबाजूच्या चाळींमधली पोरं तिथे खेळत होतीच. आम्ही आराखड्यावर तो तुकडा हिरवा रंगवला आणि विसरलो. पालिकांचं असंच होतं. आराखडा करताना आरक्षणं शेकड्यांनी टाकायची, ताब्यात घ्यायला पैसे नाहीत, आणि मालकाला ना विकता येतं ना बांधता येतं.

याच मालकासाठी कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत पालिकेने जमीन घेतली नाही, तर मालक पालिकेला नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत जमीन घेतली नाही किंवा संपादनासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झालं असं समजायचं. मुदत तेव्हा सहा महिन्यांची होती. पावलं म्हणजे नेमकी काय, यावर सगळी मारामारी. आमच्याकडची समजूत अशी, की महासभेचा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे भूसंपादनाचा प्रस्ताव पाठवला की पाऊल पडलं. शेजारपाजारच्या पालिकांतही हेच चालायचं. सहाव्या महिन्यात एक पत्र जायचं, पत्राची स्थळप्रत फाइलला लागायची, आणि सगळे निर्धास्त.

आमच्याकडे या मैदानाची नोटीस आली ती ११ फेब्रुवारी २००८ ला. त्याआधी काही महिने, २००७ मध्येच, सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात सांगून टाकलं होतं की नुसता प्रस्ताव पाठवणं हे पाऊल नव्हे. संपादन खरोखर सुरू झालं पाहिजे, म्हणजे कायद्याप्रमाणे घोषणा राजपत्रात यायला पाहिजे. मी तो निकाल वाचला नव्हता. असा निकाल आलाय हेच माझ्या गावी नव्हतं.

नोटीस आवक-जावकला नोंदली गेली, तिथून भूसंपादन कक्षात गेली, तिथून माझ्याकडे आली. मी भाग नकाशा लावला, झोन तपासला आणि विधी विभागाकडे पाठवली. विधी विभागाचा अभिप्राय आला, ‘कायद्यातील तरतुदींनुसार विहित मुदतीत कार्यवाही करावी.’ असा अभिप्राय आमच्याकडे पावसाळ्यातल्या बेडकासारखा, कुठल्याही फाइलवर उडी मारून बसायचा. मी तो तसाच स्वीकारला. महासभेचा ठराव जूनमध्ये झाला. २४ जुलैला मी जिल्हाधिकारी कार्यालयाला प्रस्ताव पाठवला. मुदत १० ऑगस्टला संपत होती. सतरा दिवस हातात राखून काम केलं, असं मी त्या दिवशी घरी जेवताना सांगितल्याचंही आठवतं.

मालक उच्च न्यायालयात गेला. आमच्या वकिलांनी माझ्याकडे परिच्छेदनिहाय अभिप्राय मागितले, मी चौदा पानं लिहून दिली. निकाल लागायला दोन वर्षं लागली, सुनावणी मात्र अर्ध्या तासात उरकली. राजपत्रात घोषणा झाली का? नाही. मग आरक्षण व्यपगत. माझ्या चौदा पानांची वकिलांनी घडीसुद्धा मोडली नसावी.

बाहेर व्हरांड्यात मालक भेटले. धोतर, टोपी, वय सत्तरच्या पुढे. जिंकले होते पण चेहऱ्यावर आनंद काही नव्हता. म्हणाले, “बाई, नोटिशीच्या आधी मी तीन अर्ज दिले होते. एकदा बोलावून घेतलं असतंत तर बसून काहीतरी केलं असतं. टीडीआर देता म्हणतात ना?” म्हणजे जमिनीच्या बदल्यात पैशांऐवजी बांधकामाचा हक्क घेऊन वाटाघाटीने जागा द्यायलाही ते तयार होते. कायद्यात तशी सोय आहे, १२७ च्याच अलीकडे, कलम १२६ मध्ये. मी त्यांना काय उत्तर दिलं? “तुम्ही लेखी द्यायला हवं होतं.”

यानंतर माझं मत बदललं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. मी दोन वर्षं विधी विभागाला दोष देत होते. त्यांनी निकाल का कळवला नाही? शिवाय ऑक्टोबर २००७ चं ते पत्र एकदा सहज काढून पाहिलं, तर कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या दिवशी तिसऱ्या तासाला विषय होता, ‘आरक्षणे व कलम १२७’. पत्र पुन्हा फाइलला लावलं. कुणाला दाखवलं नाही.

२०१२ मध्ये नवीन आयुक्त आले. त्यांनी प्रशिक्षणाला पाठवायच्या लोकांची यादी स्वतः केली आणि माझं नाव पहिलं टाकलं. गेले. पहिल्या दिवशी एक निवृत्त विधी अधिकारी शिकवायला होते. मी शेवटच्या रांगेत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्यांनी कलमं वाचून दाखवली नाहीत. बांधकाम परवानगी नाकारल्याचं एका ओळीचं पत्र त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘प्रस्ताव नियमात बसत नसल्याने नामंजूर’, आणि विचारलं, यात चूक काय? आम्ही सगळे गप्प. असली पत्रं आम्ही आयुष्यभर लिहिली होती. मग त्यांनी मोहिंदर सिंग गिल खटला सांगितला, १९७७ चा, पंजाबातल्या फिरोजपूरच्या निवडणुकीवरून निवडणूक आयोगाविरुद्ध गेलेला. सार्वजनिक अधिकाऱ्याचा आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासला जाईल, कोर्टात गेल्यावर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणं चिकटवता येणार नाहीत, हे त्यात ठरलं. “तुमच्या डोक्यात दहा कारणं असतील,” ते म्हणाले, “पण मालकाच्या हातात जे पत्र पडतं त्यात एकही नसेल, तर कोर्टाच्या दृष्टीने कारण नव्हतंच.” मी वर्तमानपत्राची घडी घातली. माझी चौदा पानं आठवली.

दुसऱ्या दिवशी संबंध. पहिल्या तासाला फुगे फुगवायला लावले, त्याबद्दल न लिहिलेलं बरं. नंतर एक निवृत्त मुख्याधिकारी आले. त्यांनी प्रत्येकाला कोरा कागद दिला. म्हणाले, तुमच्या हातून बिघडलेली एक फाइल आठवा. ती कुठल्या कुठल्या टेबलांवरून गेली ते एकाखाली एक लिहा. सगळ्यांनी लिहिलं. मी मैदानाची फाइल घेतली होती, अकरा टेबलं झाली. मग ते म्हणाले, आता प्रत्येक टेबलासमोर तिथे बसणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव लिहा.

मला दोन नावं लिहिता आली. एक आयुक्तांचं, एक माझं.

विधी अधिकाऱ्यांचं आडनाव माहीत होतं, पहिलं नाव आठवेना. भूसंपादन कक्षातला लिपिक, ज्याच्या टेबलावर ती फाइल तीन वेळा गेली होती, त्याच्यासमोर मी ‘अण्णा’ लिहिलं. सगळे त्याला अण्णा म्हणत. माझ्या खिडकीपासून दोन खिडक्या पलीकडे तो माणूस नऊ वर्षं बसत होता.

सोमवारी ऑफिसला गेल्यावर मी अण्णांच्या टेबलाशी गेले. ते उठून उभे राहिले. मी बसा म्हटलं, आणि त्या फाइलबद्दल विचारलं. त्यांनी खालच्या कप्प्यातून एक रजिस्टर काढलं. मैदानाची नोंद होती, शेजारी लाल शाईत ‘१०/८/०८’.

“मॅडम, मला माहीत होतं,” ते म्हणाले. “विधीच्या साहेबांनी चहाला सांगितलं होतं की आता नुसतं पत्र चालत नाही, राजपत्रात यावं लागतं म्हणून.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“आलो होतो की. जुलैमध्ये. तुम्ही म्हणालात, लेखी द्या.”

“दिलं होतंत?”

“दिलं. आवक-जावकला टाकलं. तुमच्याकडे सोळा ऑगस्टला पोचलं.”

फाइल मागवली. तळाशी ते टिपण होतं, अर्ध्या पानाचं, त्यावर माझी छोटी सही आणि ‘पाहिले’. मी ते पाहिलं होतं.

म्हणजे गिरनारचा निकाल आमच्या इमारतीत होता. विधी अधिकाऱ्यांकडे होता, अण्णांकडे होता, खालच्या टपरीवरच्या चहाच्या ग्लासांमध्ये होता. फक्त माझ्यापर्यंत वेळेत आला नव्हता, कारण मी ती वाट ठरवून बंद करून घेतली होती. २००७ च्या प्रशिक्षणाला गेले असते तर मैदान वाचलं असतं का? मला नाही वाटत. तिसऱ्या तासाला निकाल कळला असता, मी वहीत टिपून घेतला असता. पण फेब्रुवारीत नोटीस आली तेव्हा सहा महिन्यांत राजपत्रापर्यंत पोचायला ठराव, निधी, संयुक्त मोजणी, जिल्हाधिकारी कार्यालय हे सगळं एकाच वेळी हलवावं लागलं असतं. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवत ते होत नाही. कुणीतरी उठून चार माणसांना एका खोलीत बसवावं लागतं. त्या चौघांपैकी मला एकाचंही नाव येत नव्हतं.

मी स्वतःला प्रामाणिक समजत होते आणि पैशांच्या बाबतीत होतेही. पण माणसांशी न बोलणं हाही माझ्या प्रामाणिकपणाचाच भाग आहे असं मी धरून चालले होते, तिथे घोळ झाला. बोलल्याने माणूस बिघडतो, ही माझी भीती. कायद्याचा तो एक दिवस नीट ऐकल्यावर ती थोडी कमी झाली, कारण कुठलं बोलणं नोंदवायचं आणि कसं, हे कायदाच सांगतो. मालकाला बोलवा, पण पत्र काढून बोलवा. जागेवर जा, पण पंचनामा करा. नगरसेवक काही म्हणाले तर ते त्यांच्या नावाने टिपणीत लिहा. एकदा कागदावर येणार हे ठरलं की बोलायला भीती उरत नाही. पूर्वी मी कागद पुढे करून बोलणं टाळायची. आता आधी बोलायची आणि मग कागद करायची.

त्यानंतरच्या सात वर्षांत मी काय केलं ते थोडक्यात सांगते, त्यात मिरवण्यासारखं फार नाही. कलम १२७ च्या नोटिशींचं वेगळं रजिस्टर केलं, अण्णांच्याच अक्षरात. विधी अधिकाऱ्यांकडे स्वतः गेले. शुद्धलेखनाचा तो प्रसंग त्यांना आठवतही नव्हता, हे ऐकून जरा अपमानच वाटला. नामंजुरीच्या पत्रात नियमाचा क्रमांक, मोजलेलं अंतर आणि हवं असलेलं अंतर लिहायला सुरुवात केली.

सुधारित आराखड्याच्या हरकतींच्या सुनावण्या झाल्या तेव्हाचं एक आठवतं. कलम २८ खाली नियोजन समिती बसते, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले तज्ज्ञ. माझं काम नकाशे पुरवायचं. एक बाई आल्या, म्हणाल्या, रस्ता माझ्याच अंगणातून का, शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून का नाही? पूर्वी मी खाली मान घालून ‘तांत्रिक बाब’ म्हटलं असतं. यावेळी शीट घेऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले, कारण टेबलावर ते मावत नव्हतं, आणि वळणाची त्रिज्या पेन्सिलीने दाखवली. मान्य काही झाल्या नाहीत. पण जाताना म्हणाल्या, “कळलं तरी.” त्यांची हरकत समितीने फेटाळली. ती बरोबर फेटाळली, असं मला आजही वाटतं.

प्रशिक्षणांवर माझा आंधळा विश्वास बसलाय असं मात्र समजू नये. फुगे मला अजूनही पटत नाहीत. पडद्यावर कलमं वाचून दाखवणारे तर नकोतच. निवृत्तीला वर्ष उरलेल्या माणसाला पाठवायचं आणि शिकून आलेल्या तरुणाची सहा महिन्यांत दुसऱ्या जिल्ह्यात बदली करायची, हे मी शेवटपर्यंत पाहिलं. माझी एक वर्गमैत्रीण अमेरिकेत नगररचनाकार आहे. तिथे एआयसीपी हे प्रमाणपत्र टिकवायचं तर दर दोन वर्षांनी ३२ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं आणि त्यात कायदा व व्यावसायिक नीती सक्तीची. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मला एकदाही कुणी विचारलं नाही, तुम्ही शेवटचा निकाल कुठला वाचलात?

डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही अपवाद सोडून साऱ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली आली, यूडीसीपीआर. तेव्हा जुने सहकारी फोनवर म्हणत होते, आता वाद संपले, पुस्तकात बघायचं आणि सांगायचं. पण पुस्तकाने फाइल हलत नाही. १२७ ची मुदतच बघा. ती कायद्यात बदल होऊन २००९ मध्ये बारा महिने झाली, २०१५ मध्ये चोवीस. फाइलची चाल काही वाढली नाही. पूर्वी ती सहाव्या महिन्यात जागी व्हायची, आता तेविसाव्यात होते.

अशा जागा लोकांनी वाचवल्याही आहेत. बंगळूरच्या राजमहल विलास भागात बागेची जागा खासगी रुग्णालयाला द्यायला निघाले होते, तेव्हा रहिवासीच कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. आमच्या मैदानासाठी कुणीही गेलं नाही. तिथे खेळणाऱ्या पोरांच्या आईबापांना नोटीस आलीय हे कुणी कळवलंच नव्हतं. कळवायचं सुचायला हवं होतं ते मला.

आरक्षण गेल्यावर त्या जागेवर दोन इमारतींचा प्रस्ताव दाखल झाला. कागद बिनचूक होते. नाकारायला कारण नव्हतं, आणि कारण नसताना नाकारायचं नसतं हे मी नुकतंच शिकून आले होते. त्या साठ गुंठ्यांच्या परवानगीवर सही माझी आहे.